साडेचार विसा

कोरोनाच्या त्या वसंतात हॉलंडमधल्या, नीउ-व्हेनेपच्या आमच्या गल्लीत इतकी शांतता होती, की कालव्यातल्या बदकांची भांडणं मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. डोक्यावरची विमानं थांबली होती. मी घरून काम करायचे, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून बागेत बसायचे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा धंदा. पण त्या दिवसांत मीटिंगमधली माणसंसुद्धा काचेखाली पोहत असल्यासारखी वाटायची आणि माझं लक्ष कुंपणापलीकडे जायचं.

तिथे एक डॅनिश आजी राहायच्या. पंच्याऐंशी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांचा नवरा स्वीडिश होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी स्वीडनला. आजी उन्हात विणत बसायच्या आणि टाके मोठ्याने मोजायच्या. आयुष्य हॉलंडमध्ये गेलं, माझ्याशी त्या डचच बोलायच्या, पण टाके डॅनिशमध्ये. मी खुर्ची कुंपणाशी ओढली. मध्ये नियमाचं दीड मीटर अंतर.

"स्वीडिश सरळ मोजतात, नॉर्वेजियनही," त्या म्हणाल्या. "नव्वद म्हणजे नऊ दहा. विषय संपला. माझा नवरा म्हणायचा, तुम्ही डॅनिश लोक मोजत नाही, कोडी घालता."

डॅनिश नव्वद म्हणजे हालफेम्स. त्यांनी सुईच्या टोकाने हवेत फोड करून दाखवली. चार पूर्ण, पाचव्यातला अर्धा, आणि हे सगळं वीस वेळा.

"साडेचार विसा!" मी ओरडलेच.

माझ्या वडिलांनी शाळेत पावकी, निमकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकलेले होते. औट म्हणजे साडेतीन. आमच्या बाजारात म्हाताऱ्या बायका विसांनी मोजायच्या, तीन विसा, चार विसा. मी भराभर जुळवत गेले. डॅनिश पन्नास म्हणजे अडीच विसा, साठ तीन विसा, सत्तर औट विसा. वर त्र्याण्णव म्हणताना त्यांचे तीन आधी येतात आणि नव्वद मागून, अगदी आपल्यासारखे. स्वीडिश माणूस नव्वद आधी म्हणतो, मग तीन.

"पन्नास येईपर्यंत आम्हीही शहाण्यासारखे मोजतो," आजी म्हणाल्या. "पुढे वाकडे होतो. तू आमच्यातलीच दिसतेस."

मला काय आनंद झाला! कित्येक दुपारी आम्ही नुसतं मोजत बसलो. त्या टाके म्हणायच्या, मी पुढचा आकडा सांगायचे, ऊन सरकत कुंपणावर जायचं. आपण कुठल्या देशात आहोत हे तेवढा वेळ मला आठवायचं नाही.

मग एक दिवस त्यांच्या किटलीतलं पाणी आटून किटली काळी झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. स्वीडनहून मला आजींच्या मुलीचा फोन आला. हाउसआर्ट्स, म्हणजे आमच्या भागातले डॉक्टर, व्हिडिओवर आईच्या स्मरणशक्तीची चाचणी घेणार होते. मी शेजारी बसेन का? "आईचं काही खरं नाही असं ते म्हणाले, तर मी नोकरी सोडून, कशीही, येते," ती म्हणाली. पण ती पोचेपर्यंत आजींना वृद्धांच्या केंद्रात हलवावं लागलं असतं. त्या दिवसांत तिथल्या माणसांना घरचे खिडकीच्या काचेतून भेटत होते.

चाचणीच्या सकाळी मी बागेच्या दारात स्टूल टाकलं. आत टेबलावर लॅपटॉप, समोर आजी, केस नीट विंचरलेल्या. वार, महिना, चित्रातलं घड्याळ, सगळं ठीक गेलं. मग डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आजींनी डचमध्ये एक आकडा सांगितला आणि गप्प झाल्या. डॉक्टर काहीतरी लिहू लागले.

माझं डोकं फिरलं. "त्या डॅनिशमध्ये मोजतात," मी दारातून म्हणाले. "त्यांना डॅनिशमध्ये विचारा."

"मला डॅनिश येत नाही."

"आकडे मला येतात."

डॉक्टर हसले. म्हणाले, चालेल, तुम्ही सांगा बरोबर की चूक.

आजींनी हात मांडीवर ठेवले. त्र्याण्णव. शहाऐंशी. मी मान डोलावली. मग अडुसष्ट. मग सत्तावन्न. मग अगदी शांतपणे नव्वद. कुठे अडखळणं नाही, आवाज टाके मोजतानाचा. त्या माझ्याकडे बघून हसल्या. नव्वदवर थांबून त्यांना कुठेतरी पोचल्यासारखं वाटत असावं.

"बरोबर?" डॉक्टरांनी विचारलं.

मला ती खिडकीची काच दिसत होती. मी म्हणाले, "सगळे बरोबर."

त्यानंतर रोज सकाळी मागच्या फाटकातून जाऊन मी त्यांचा गॅस बघायचे, गोळ्या मोजून द्यायचे. पाप फेडल्यासारखं वाटायचं आणि बरंही वाटायचं. आजी घरातच राहिल्या. उन्हाळाभर बागेत बसल्या, विणकाम हळूहळू सुटलं. मे महिन्यात त्या मुलीबद्दल बोलायच्या, जुलैत तिचा फोटो हातात घेऊन ही कोण म्हणून मला विचारायच्या.

मुलगी सप्टेंबरात आली. आईने दार उघडलं आणि आपण कोणाकडे आलात, असं अदबीने विचारलं.

दोन दिवसांनी ती कुंपणाशी आली. डोळे सुजले होते. "मी एप्रिलमध्येच निघणार होते," ती म्हणाली. "पण डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, आकडेसुद्धा सगळे अचूक आले. म्हणून थांबले. तेव्हा तिने मला ओळखलं असतं, नाही?"

मी हो म्हणाले. आकडे खरंच बरोबर होते का, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.