खऱ्या व्हॅनिलाचा अर्क

मी घरी केक करते. कट्टा गावाच्या आसपासच्या वाड्यांत कुणाचा वाढदिवस असला की अर्ध्या किलोची ऑर्डर माझ्याकडे येते, तेवढ्यावर मी स्वतःला व्यवसाय करणारी बाई म्हणवून घेते. लोणी, अंडी, मैदा यांचे भाव काही माझ्या हातात नव्हते. हातात होती ती इसेन्सची बुटकी बाटली. एकदा मोबाइलवर एक बाई हसत हसत सांगत होत्या, व्हॅनिला घरीच करा, पैसे वाचतील. त्यांचं स्वयंपाकघर आमच्या अख्ख्या घराएवढं होतं. ज्यांना गरज नाही त्यांनी काटकसर शिकवावी आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी ती करायला जावं, अशी रीतच आहे.

साहित्य दोनच होतं. व्हॅनिलाच्या शेंगा आणि वोडका.

मला भरीला घातलं शेजारच्या निवृत्त शिक्षिकेनं. तिला सगळा गाव टीचर म्हणतो. "बाटलेतलो वास म्हणजे नुसतो साबण गो," ती म्हणाली. "खरी व्हॅनिला घाल. औंदा आमचो नाताळाचो केक तूच कर."

शेंगांसाठी मी आतल्या एका गावातल्या बागायतदाराकडे गेले. त्यानं पोफळींवर व्हॅनिलाचे वेल चढवले होते. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दहा शेंगा पुढे ठेवल्या. काळ्या, सुरकुतलेल्या, वाळत घालून विसरलेल्या चवळीसारख्या. किंमत ऐकून मी खालीच बसले. त्यात दोन वर्षांचं इसेन्स आलं असतं.

"वयनी, हय माशी येना नाय, ह्या फुलाचा लगीन माकाच लावूक लागता," तो म्हणाला. "रोज सकाळी, एकेका फुलाचा, काडयेन. मगे भटजीक दक्षिणा नको?"

दक्षिणा दिली. काटकसर सुरू झाली होती, आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

वोडका आणायला मी जाणं शक्यच नव्हतं. माझा नवरा कणकवलीला नोकरी करतो. एक नारळ आणायला सांगितला तर तीन दिवस विसरतो. त्या दिवशी मात्र तो वेळेआधी घरी आला आणि पिशवीतून दोन बाटल्या काढल्या.

"दोन कशाक?"

"एक फुटली तर?"

दुकानात त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं की केकासाठी हवी. दुकानदार म्हणाला, "होय साहेब. हय सगळे केकासाठीच नेतत."

दुसरी बाटली फुटली नाही. पण आठवड्यात संपली.

अडचण होती ती सासूबाईंची. त्या माळकरी. आमचे मासे त्या चालवून घेत, पण घरात दारू आहे असं कळलं असतं तर त्यांनी पाण्याचा घोट घेतला नसता. मी शेंगा उभ्या चिरून बाटलीत सोडल्या, बाटली तांदळाच्या डब्यामागे ठेवली आणि वर कागद चिकटवला, 'अर्क'. त्यांनी विचारलंच, "ह्या काय गो?"

"औषद आसा, आई." खोटं बोलायचं तर थोडक्यात बोलावं.

सहा महिने थांबायचं होतं. आठवड्यातून एकदा मी बाटली हलवायची आणि उजेडात धरून बघायची. दसऱ्यापर्यंत रंग कोऱ्या चहासारखा झाला, पण पातळी दोन बोटं खाली आली होती. मी पेनानं रेघ मारली. पुढच्या आठवड्यात अर्क रेघेच्या खाली!

"मी थेंबाकय हात लावूक नाय," नवरा म्हणाला. "देवाशपथ."

माझा विश्वास बसला नाही. दुसरी बाटली माझ्या डोळ्यांपुढे होती. मी जेवण वाढत राहिले, पण मासे तळणं बंद केलं. आमच्याकडे यापेक्षा मोठी शिक्षा नाही. अकरा दिवस त्या माणसानं डाळभात खाल्ला.

मग टीचरनं एके दुपारी कुंपणावरून विचारलं, "तुझ्या सासूक आइस्क्रीमचो वास कसो येता गो?"

मी तशीच आत गेले. सासूबाई लुगडं गुडघ्यापर्यंत सारून बसल्या होत्या. पुढ्यात वाटी, वाटीत माझा अर्क, आणि त्या डोळे मिटून गुडघ्याला चोळत होत्या.

"तूच म्हणालंस औषद म्हणान," त्या म्हणाल्या. "गुडघे हलके झाले बघ. भजनातल्या दोघींकय दिलंय."

आता खरं सांगणं भाग होतं. "आई, ती दारू आसा."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माळेला बोट लावलं, देवाकडे पाहिलं, बराच विचार केला.

"पोटात नाय ना गेली?" त्या म्हणाल्या. "गुडघ्याच्या गळ्यात माळ खंय आसा?" आणि पुन्हा चोळू लागल्या.

त्या दिवशी मी सुरमई तळली. बिचाऱ्यानं एकदा खरं बोलून पाहिलं होतं आणि त्यापायी अकरा दिवसांचे मासे गमावले होते. माफी मी मागितली नाही, पण मोठा तुकडा त्याच्याच ताटात वाढला.

नाताळापर्यंत बाटलीत चार चमचे उरले. चारही मी टीचरच्या केकात घातले. तिची मुलं-सुना मुंबईहून आली होती. सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला, आणि धाकटी सून अगदी मायेनं म्हणाली, "आंटी, छान झालाय. व्हॅनिला घालायचं राहिलं का?"

मी टीचरकडे पाहिलं. तिनं आणखी एक घास घेतला, चघळला.

"वास कमीच गो," ती म्हणाली. "बाटलेतला इसेन्स संपला काय?"

"होय," मी म्हटलं. "संपला."

तिनं ताटलीत घालून दिलेला तुकडा मी मागच्या पायरीवर बसून खाल्ला. पहिल्या घासाला काहीच लागलं नाही. गिळून झाल्यावर मात्र हळूच एक वास वर आला. जुन्या लाकडी पेटीत गूळ ठेवल्यासारखा, खोल. त्याची वाट पाहायला कुणाला वेळ मिळाला नव्हता, एवढंच. माझे डोळे भरून आले.

उरलेला अर्धा तुकडा मी नवऱ्यापुढे केला. त्यानं तो संपवला, बोटं चाटली.

"बरो आसा," तो म्हणाला. "पण दुकानातलो वास जास्त खरो वाटता."