पोळ्याला सजवलेली मोटार

मोटार या वस्तूचा मला अजूनही राग आहे. नातू गाडीत बसवून कुठे नेतो म्हणाला की मी आधी विचारते, पेट्रोल भरलं आहेस का? तो हसतो. त्याला हसायला काय जातं! माझ्या आयुष्याचा सौदा एका मोटारीच्या टाकीपाशी दिवसभर अडून बसला होता, ते त्याने पाहिलेलं नाही.

आमच्या घरी मोटार आली ती लढाईच्या आधी, पेट्रोलचे पत्र्याचे डबे वाशीमच्या दुकानात सहज मिळत तेव्हा. बाबांनी ती अकोल्याच्या एका निवृत्त साहेबाकडून जुनी घेतली. साहेबाने ती का काढून टाकली, हे त्यांनी विचारलं नाही. पंचक्रोशीत दुसरी मोटार नव्हती आणि तेवढंच त्यांना पुरेसं होतं. शेजारच्या किन्हीराजापर्यंत जायचं असलं तरी ते मोटार काढत, आणि पोचायला बैलांच्या दमणीपेक्षा जास्त वेळ लागला तरी मोटारीनेच आलो म्हणून सांगत.

तिला चालवणं सोपं होतं. पेट्रोल पाजणं महाकठीण. टाकी मागच्या बाजूला खाली लोंबत होती, तिचं तोंड अरुंद आणि वाकडं. नरसाळं तिरपं धरायला एक माणूस, डबा उचलायला दुसरा आणि दोघांवर ओरडायला बाबा, असा तो कार्यक्रम असे. तरी ती कुरकुर करत प्यायची. त्या पोळ्याच्या दिवशी मात्र तिने तोंडच मिटलं.

तो दिवस माझ्या दृष्टीने कसा होता ते आधी सांगते. मला मास्तरीण व्हायचं होतं. अमरावतीला बायकांच्या ट्रेनिंगच्या वर्गात त्या वर्षी मला जागा मिळाली नव्हती. मग पावसाळ्यात एका मुलीचं लग्न झालं, ती वर्ग सोडून गेली, आणि माझ्या मामाने वर्गाच्या मुख्य बाईंना गळ घालून ती जागा माझ्यासाठी धरून ठेवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंपुढे उभी राहिले तर जागा माझी, नाहीतर दुसरी मुलगी तयारच होती. मामा कामासाठी वाशीमला आला होता. पोळ्याच्या संध्याकाळी तो वाशीमहून गाडीत बसणार आणि मी जऊळक्याला त्याच डब्यात चढायचं, असं ठरलं. ती एक गाडी चुकली की सगळं संपलं. पुढच्या वर्षीपर्यंत माझं लग्न लागलं असतं, यात मला तरी शंका नव्हती.

जऊळक्याचं स्टेशन आमच्या गावाहून दोन कोसांवर. एरवी दमणी जुंपली की झालं. पण पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. त्या दिवशी बैल देव. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्यालाही, काम सांगायचं नाही. त्याला नवं धोतर द्यायचं, पंगतीला बसवायचं, त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. हे आमच्याकडे कुणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. बाबा तर खूशच झाले. "बैल नाई त नाई," ते म्हणाले. "मोटार कायले घेतली मंग? पोरगी मोटारनं जाईन, साऱ्या गावासमोरून जाईन!"

आमचा सालदार बाबांपेक्षा वयाने मोठा होता. बैलांवर त्याचा जीव, आणि मोटारीवरही. गोठ्याशेजारीच ती उभी असायची, म्हणून त्याच्या हिशेबी ती गोठ्यातलीच. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात, तेव्हा त्याने मोटारीच्या चाकालाही हळद लावली आणि तिलाही आवतण दिलं. पोळ्याच्या सकाळी बैलांची शिंगं हिंगुळाने रंगवून झाली, त्यांच्या टोकांवर पितळी शेंब्या बसल्या, आणि एक शेंबी उरली. मोटारीच्या टाकीच्या तोंडाशेजारी बोटाएवढी नळी वर आलेली होती, गोऱ्ह्याचं शिंग फुटावं तशी. सालदाराने ती नळी लाल रंगवली, राळ लावून शेंबी तिच्यावर घट्ट ठोकली आणि खाली लाल गोंडा बांधला. आम्ही सगळ्यांनी येऊन पाहिलं. आईने कुंकू लावलं. बाबा म्हणाले, "वा! आता कशी जातिवंत दिसते!"

मग बाबांनी पेट्रोलचा डबा फोडला. नरसाळ्यात पहिली धार गेली, बुडुक असा आवाज आला, आणि टाकीने ती सगळी धार बाबांच्या नव्या धोतरावर परत टाकली. बाबांनी नरसाळं धुतलं. पुन्हा ओतलं, पुन्हा बुडुक, पुन्हा धोतर. नरसाळ्याला फडकं गुंडाळून ते तोंडात घट्ट दाबून बसवलं, तर पेट्रोल नरसाळ्यात तसंच उभं राहिलं. खाली जाईना.

"पेट्रोल खराब हाय," म्हणून दुसरा डबा फोडला. "मोटार उतरती उभी हाय," म्हणून माझ्या काकांनी स्वतः मागच्या चाकांखाली दगड सारले. "ऊन लागलं तिले," म्हणून टाकीवर ओली पोती पसरली. शेजारचे एकजण विहिरीवरच्या इंजिनाचा अनुभव सांगायला आले. त्यांनी टाकीला कान लावला आणि आत कुणीतरी बोलतंय म्हणाले. प्रत्येक उपायानंतर बाबा नव्या आशेने डबा उचलत आणि प्रत्येक वेळी बुडुक. मी ट्रंक भरून, वेणी घालून, ओट्यावर बसून हे पाहत होते आणि माझ्या डोक्याच्या शिरा तडतडत होत्या.

"बाबा, दोनच कोस तर हाय," मी म्हणाले. "आपन पायी निघू."

"मोटार दारात उभी असून माही पोरगी पायी जाईन? लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले काय करता? गाडी चुकली त मी काय करू?"

"चुकत नाई. थे पेऊनच राह्यली आता."

ती काही पीत नव्हती. तेवढ्यात आई मीठ-मिरच्या आणि विस्तवाचं खापर घेऊन मोटारीची दृष्ट काढायला आली. बाबांनी अशी आरोळी ठोकली की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. "विस्तव घेऊन कुठी येते? पेट्रोल हाय थे! सारं घर जाईन!" आई खापर घेऊन मागे पळाली, आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून मला म्हणाली, "राहून जाय ना, बाई. देवाच्याच मनात नसंन." मला इतका संताप आला की मी तिच्याकडे पाठ फिरवली. देवाच्या मनात काय आहे ते नरसाळ्यातून कळतं होय?

सालदाराला यात काही काळजीचं वाटतच नव्हतं. नवं धोतर नेसून तो बैलांवर झुली चढवत होता. "मालक," तो म्हणाला, "आज तिचाबी सन हाय. कायले छळता? पोळा फुटला का आपल्या मनानं पेईन थे." त्या दिवशी त्याला कुणी उलटून बोलायचं नव्हतं. बाबांनी दात आवळून मान हलवली.

शेवटी वाटीवाटीने पाजायचं ठरलं. एक वाटी ओतायची, तिने दोन ढेकर द्यायचे, मग दुसरी वाटी. आजारी माणसालाही कुणी इतकं सांभाळून पाजत नाही. उन्हं कलेपर्यंत टाकीत थोडंफार पेट्रोल गेलं आणि तितकंच धोतरावर. बाबांनी टाकीचं झाकण घट्ट लावलं, माझी ट्रंक मागे ठेवली, हँडल मारलं आणि मोटार सुरू झाली. माझा विश्वास बसेना. आईने घाईघाईने फिरकीचा तांब्या भरून माझ्या हातात दिला आणि रडायला लागली. आम्ही निघालो.

वेशीपाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. त्याखाली सगळ्या गावाचे बैल रांगेत उभे, ढोल वाजतोय, तोरण तोडून बैल सुटायचे, म्हणजे पोळा फुटायचा, बाकी. बाबांनी भोंगा वाजवला. लोकांनी मोठ्या कौतुकाने वाट दिली. आणि बरोबर तोरणाखाली मोटारीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

लोकांना वाटलं, बाबांनी मोटारही पोळ्यात उभी करायला आणली. एकच जल्लोष झाला! कुणीतरी तिच्या दिव्यांना माळ घातली. आमचा सालदार तर आपली जोडी घेऊन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, चेहऱ्यावर केवढा अभिमान. बाबा हँडल मारत होते. मोटार हूं का चूं करत नव्हती. सूर्य खाली चालला होता.

मी खाली उतरले आणि ट्रंक ओढून काढली. लोखंडाची ट्रंक, आत पुस्तकं. दहा पावलं गेले आणि हात भरून आला. मी मागे वळून पाहिलं नाही. रडत होते आणि बडबडत होते, मोटारीला, साहेबाला, बाबांना, सगळ्यांना. कुणाला हाक मारून ट्रंक उचलायला सांगायचीही सोय नव्हती, कारण त्या दिवशी कामाला लावावं असं गावात कुणी नव्हतंच.

मागून बाबा आले. त्यांनी माझ्या हातातली ट्रंक काढून घेतली. डोक्याचा फेटा सोडला, त्याची चुंबळ केली, आणि साऱ्या गावासमोर ट्रंक डोक्यावर घेतली. ढोल थांबला. शेजारच्या गावाला जायलाही मोटार काढणारा माणूस उघड्या पायांनी, पेट्रोलने माखलेल्या धोतरात, डोक्यावर ट्रंक घेऊन चालू लागला.

वाटेत ते गप्प बसले असते तर ते बाबा कसले! "पेट्रोल हाय टाकीत, मंग बंद काहून पडली? आं? सांग ना." सांगायला मी काय मिस्त्री होते? मी नुसती पुढे चालत राहिले. अर्ध्याअधिक वाटेवर बाभळीखाली त्यांनी ट्रंक उतरवली आणि पाणी मागितलं. तांब्याचं फिरकीचं झाकण काढून त्यांनी तो एकदम उपडा केला. अरुंद गळ्यातून पाणी बुडुक, बुडुक करत, थांबत थांबत पडू लागलं. बाबा तसेच पाहत राहिले. ओंजळीतलं पाणी सांडून गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"हवा!" ते ओरडले. "अवं, आतली हवा भायेर निंघाले जागा नाई, म्हनून पेट्रोल आत जात नाई! अन् भायेरची हवा आत जात नाई, म्हनून थे बंद पडली! थे नळी हवेचीच हाय. तिच्यावर शेंबी ठोकली त्यानं!" ते हसायला लागले. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "शेंबी काढली का झालं. एका घडीचं काम हाय!"

आणि ते गावाकडे वळले. खरोखर वळले. चार पावलंही गेले. मी बाभळीखाली उभी होते आणि मला वाटलं, आता हे परत जाणार, ती शेंबी उपसणार, मोटार सुरू करणार, आणि अंधारात मला रिकाम्या स्टेशनावर दिमाखाने घेऊन येणार.

बाबा थांबले. गावाकडून ढोल पुन्हा ऐकू येत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावळतीकडे पाहिलं.

"मोटार काय, उद्याबी तठीच उभी राहीन," ते हळूच म्हणाले. "तुही जागा नाई राह्यची." आणि त्यांनी ट्रंक पुन्हा डोक्यावर चढवली.

मग आम्ही जवळजवळ धावतच गेलो. स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी फलाटाला लागलेली होती. मामा दारात उभा होता, मान बाहेर काढून. बाबांनी त्याला कितीदा निरोप धाडला होता, स्टेशनाबाहेर नजर ठेव, मोटार पाहून घे म्हणून. त्याने ट्रंक आत ओढली, मला हात दिला, आणि बाबांच्या डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवली. "भाऊजी, हे काय? मोटार कुठी हाय?"

मोटारीबद्दल कुणी नुसतं विचारलं तरी बाबांचं बोलणं अर्धा तास थांबत नसे. त्यांना मान सरळ करता येत नव्हती. एका हाताने मान धरून, फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मोटारीचं राहू द्या, हो. माही पोरगी मास्तरीन व्हाले चालली!"