पाय दाराकडे

घरात देवाला जागा नाही, ही गोष्ट मी कोणाजवळ बोलले नव्हते. घरकुलाच्या दोनच खोल्या. मागे चूल, पुढे आमच्या यांची खाट. हे जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ओढायचे. लकव्याने उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि पुढच्या खोलीतला देव्हारा मला हलवावा लागला. जिथे शौचाचं भांडं द्यायचं, पुसायचं, धुवायचं, तिथे देव कसे ठेवू? फडक्यात बांधून ते डाळीच्या डब्यांमागे ठेवले. डाळ काढताना रोज मान खाली जायची.

वासाचीही लाज वाटायची. फिनेल टाकलं तरी वास राहायचाच, म्हणून मी दार लावून घ्यायची. शेजारणी हाक मारायच्या, मी आतूनच हो म्हणायची. खाट मी अशी ठेवली होती की यांचं डोकं दाराकडे आणि पाय आत. दाराकडे पाय प्रेताचे करतात, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं. बाकी काहीही चुकलं तरी एवढं तरी आपण चुकू द्यायचं नाही, असं मी मनाशी धरलं होतं. पण त्यामुळे यांना दिवसभर समोरची भिंतच दिसायची. हळूहळू यांनी जेवणच सोडलं. घास नेला की ओठ मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी टाकावी लागेल, आणि तब्येत तेवढं सोसेल की नाही सांगता येत नाही. मी देवाला विनवायला बसायची, आणि हात जोडले की डाळीचे डबे आठवायचे. कोणत्या तोंडाने मागू?

गिरडच्या टेकडीवर दर्शनाला पायी जाणारे लोक आमच्या दारावरूनच जातात. एका दुपारी दार वाजलं. एक म्हातारी पाणी मागत होती. मी पाण्याचा गडवा आणायला वळले, तर ती सरळ आत शिरली. खाटेखाली भांडं तसंच होतं. मी लाजेने अर्धी झाले. पण तिने नाकाला पदर लावला नाही. पाणी प्यायली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "काऊन वं पोरी, देव जागा हाये का?"

हिला कसं कळलं? इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मी रडत म्हटलं, "नाई वं माय, जागाच नाई. दोन खोल्यांत देवाले कुठी करू जागा? डब्यांच्या मांगं ठेवले."

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. "अवं, तुह्या घरातली जागा कोण पुसते? जागा हाये का झोपला, थे पुसून राह्यली मी!" आणि तिने खाटेकडे बोट केलं. तिचा देव म्हणजे आमचे हे. वाकून तिने यांच्या डोळ्यांत पाहिलं. "जागाच तं हाये. मंग भिताडाकडं काऊन ठेवला? फिरव खाट."

"पाय दाराकडं होतीन ना, माय."

"होऊ दे. उठून चालाले लागला तं दाराकडंच जाईन ना? का भिताडातून जाईन?"

तिनेच खाटेचा खूर धरला, तेव्हा मीही दुसरा धरला. आम्ही खाट फिरवतो न फिरवतो तोच बाहेरून तिच्या जथ्यातल्या बायका ओरडल्या, "बुडे, घुसली का पुन्हा कोणाच्या घरात?" एक जण मला म्हणाली, "मनावर नोका घेऊ बाई. हिले बकरीबी देवच दिसते."

"तुह्यात नाई दिसत पण!" म्हातारी म्हणाली, मला "येतो वं" म्हणाली आणि गेली. दार तसंच सताड उघडं राहिलं.

ऊन कललं तेव्हा मी वरणात पोळी कुस्करून बसले होते. हे रस्ता पाहत होते. तेवढ्यात शेजारची शेळी आत आली आणि वाळत टाकलेल्या माझ्या लुगड्याचा पदर चघळू लागली. यांच्या घशातून काहीतरी खरखरलं आणि मग स्पष्ट आलं, "हाड!" शेळी पळाली. मी घास पुढे केला, तर यांनी तोंड उघडलं.

त्या रात्री देव डब्यांमागून काढून मी यांच्या उशाशी फळीवर मांडले. वास होता, भांडं होतं, तरी मांडले.

म्हातारी माणूसच होती, तिच्या बायका तिला ओळखत होत्या. मी याला चमत्कार म्हणत नाही. पण मी तो शब्द नीट ऐकला असता, तर "हो, जागे आहेत" म्हटलं असतं, आणि ती पाणी पिऊन निघून गेली असती. माझं ऐकणं चुकलं आणि त्या चुकीतूनच देव घरात शिरला. मी शहाणपणाने जे जे केलं होतं, त्यातून तो आला नाही.

हे अजून चालत नाहीत. सकाळी केर काढताना दाराकडे ते पाय दिसले की भीतीने केरसुणी थांबते. तेव्हा मी म्हणते, देवा, तू पाहा, माझ्याच्याने होत नाही. मग रस्त्याने जाणारं कोणी यांच्याशी बोलायला थांबतं. मला वासाची लाज वाटते, तोंड लाल होतं, तरी मी सतरंजी टाकते आणि म्हणते, बसा ना.