पडीत म्हणून लिहिलेला माळ

बुधाजी वानखडे एकतीस वर्षं नगररचना कार्यालयात चेनमन, म्हणजे मोजणीची साखळी धरणारे, होते. साहेब बदलत गेले, साखळी जाऊन यंत्रं आली; पण कुठल्या धुऱ्यात, म्हणजे शेताच्या बांधात, जुना दगड पुरला आहे, हे विचारायला सगळे त्यांच्याकडेच येत.

निवृत्तीला सात महिने उरले होते, तेव्हा अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका वाढत्या गावाचा नवा आराखडा भिंतीवर लागला. बुधाजींची नजर गावाच्या पश्चिमेला गेली. तिथला ई-क्लासचा माळ, म्हणजे सरकारी चराईची जमीन, नकाशात पिवळा झाला होता. पिवळं म्हणजे रहिवासी. मधून अठरा मीटरचा रस्ता होता आणि कडेला बारीक शेरा : पडीत.

त्या माळावर दर श्रावणात तणमोर हे गवतातले दुर्मीळ पक्षी येत. कोंबडीएवढा काळा नर मादीला दिसावं म्हणून गवतातून पुरुषभर उंच उडी मारायचा आणि परत गवतात नाहीसा व्हायचा. आठ वर्षं बुधाजी ते पाहत होते. बोलले कुणाजवळच नव्हते. एकदा तिथं त्यांना फास सापडला होता, त्यात काळी पिसं.

आराखड्यावर हरकत घ्यायला तीस दिवस होते. त्यातले नऊ गेले तरी काय करावं ते त्यांना सुचेना. ताटावरून ते उठायला लागले, तेव्हा त्यांच्या शिक्षिका मुलीनं, भावनानं, विचारलं, "बाबा, जेवून काहून नाई राहिले?"

त्यांनी सगळं सांगितलं. "बोललो त फासेवाले येतीन. नाई बोललो त जेसीबी येईन. मी काय करू?"

भावना म्हणाली, "तुमची नोकरी हाय. हरकत मी घेतो. पन फोटो लागन."

रोज उजाडायच्या आत दोघं माळावर जाऊ लागली. सहा दिवस काहीच दिसलं नाही. उलट एका टोकाला कुणी प्लॉटवाल्यानं लाल झेंड्या रोवलेल्या दिसल्या. पाखरू यंदा आलंच नसेल, असं बुधाजींना वाटू लागलं. सातव्या दिवशी नर उडाला. मोबाईलवर जेमतेम एक धूसर काळा ठिपका उमटला. भावनानं अर्जात माळाचा गट नंबर लिहिला. नेमकी जागा मात्र लिहिली नाही.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. सहायक नगररचनाकार अनुपमा मॅडमनी फोटो उलटसुलट पाहिला. "यावरून काय समजायचं? नेमकी जागा सांगा."

मागच्या रांगेत प्लॉटवाले माना उंचावून ऐकत होते. भावनानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. फायली घेऊन दाराशी उभे असलेले बुधाजी पुढे आले.

"मॅडम, जागा मी दाखवतो. पन फकस्त तुमाले."

"बुधाजी, तुम्ही कार्यालयाचे कर्मचारी आहात."

"हाव. म्हनूनच सांगून राहिलो. त्या माळाच्या मोजणीची फीत मीच धरली होती. पडीत लिहिलं तवा मी गप राहिलो."

दुसऱ्या दिवशी, सुनावणीत कार्यालयाविरुद्ध बोलल्याबद्दल, त्यांच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली. त्याच आठवड्यात एका पहाटे मॅडम गाडी लांब उभी करून त्यांच्यामागून गवतात चालत आल्या. तासभर ओल्या मातीवर बसल्या. नर तीनदा उडाला. प्रत्येक वेळी त्यांनी वहीत खूण केली. 

अंतिम आराखडा यायला हिवाळा उजाडला. रस्ता दक्षिणेच्या कडेला सरकला होता. माळाच्या बासष्टपैकी चौतीस एकर हिरवे, म्हणजे चराईला मोकळे, झाले होते; बाकी पिवळेच. नोटिशीवर ताकीद देऊन प्रकरण मिटलं आणि बुधाजी निवृत्त झाले.

पुढच्या श्रावणात नर बारा दिवस उशिरा आला, तोही एकटाच. रस्त्यावरच्या रोलरचा आवाज गवतापर्यंत येत होता. बुधाजींनी परतवाड्याला बदलून गेलेल्या मॅडमना फोन केला.

"मादी दिसली का?" मॅडमनी विचारलं.

"अजून नाई," बुधाजी म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून गवताकडे पाहत राहिले.