रिकामी ठेवलेली चौकट

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. पुण्यात मी आर्किटेक्ट होतो; न्यू जर्सीत आल्यावर एका ऑफिसात ड्राफ्ट्समन झालो, म्हणजे दुसऱ्यांच्या कल्पना गिरवणारा. तिथे एका इंग्रजी धाटणीच्या हवेलीचं काम आलं. तिचं म्युझियम होणार होतं, त्याआधी ती इंच-इंच मोजून कागदावर उतरवायची होती.

घराची कुंडली मजेशीर होती. साबण विकून गबर झालेल्या एका कारखानदाराला खानदानी घर हवं होतं. त्याने इंग्लंडच्या एका कंगाल जमीनदाराचा कित्येक पिढ्यांचा जुना दिवाणखाना विकत घेतला, तुळया सुट्या करून, नंबर टाकून बोटीने आणल्या आणि त्याभोवती नवं घर बांधलं. दर्शनी भिंतीवर काळी लाकडं, मध्ये पांढरा गिलावा. भिंतीची जाडी मोजली तेव्हा कळलं, ती लाकडं म्हणजे काँक्रीटवर ठोकलेल्या फळ्या होत्या. आतला दिवाणखाना मात्र अस्सल. ओकच्या तुळयांवर सुतारांनी आपापल्या खुणा कोरल्या होत्या. मी त्या एकूण एक उतरवून घेतल्या.

सात महिने मी त्या घरात राबलो. एक अमेरिकन सहकारी टेपचं दुसरं टोक धरायचा, कॉफी आणायचा, गोड बोलायचा. चोवीसच्या चोवीस ड्रॉइंग्ज माझ्या हातची. त्यांच्या जोरावर दुसरीकडे आर्किटेक्टची नोकरी मिळवायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आमच्या पुण्याच्या ऑफिसात एक शिरस्ता होता. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात काढणाऱ्याच्या नावाची चौकट असते, ती ज्युनिअरने रिकामी ठेवायची. काम पसंत पडलं की साहेब स्वतःच्या हाताने तिथे नाव घालत. आपणच लिहिणं म्हणजे आगाऊपणा. मी इथेही चोवीस चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि गाढवासारखा साहेबांची वाट बघत बसलो.

प्रिंट हातात आल्या तेव्हा प्रत्येक चौकटीत सहकाऱ्याचं नाव होतं. त्याला विचारलं, तर म्हणाला, रिकामी चौकट प्रिंटिंगवाले घेत नाहीत, तुला पर्वा नसेल असं वाटलं. साहेब म्हणाले, सेट क्लायंटकडे गेला, आता बदलता येणार नाही. घरी बायको एवढंच म्हणाली, "अहो, इथे कोण येणार होतं तुमचं नाव लिहायला?" तिचा मला भयंकर राग आला, कारण तिचं खरं होतं. त्या सुतारांनाही माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती.

तरी मी त्याच प्रिंट घेऊन इंटरव्ह्यूला गेलो. समोरचा गृहस्थ बराच वेळ तुळयांचे बारकावे बघत राहिला. ही सगळी मीच काढली, असं मी सांगितलं. त्याने कोपऱ्यातलं नाव वाचलं, माझ्या अर्जावरचं वाचलं आणि सभ्यपणे हसला.

"सुंदर काम आहे," तो म्हणाला. "हा माणूस नोकरी बदलायचा विचार करतोय का?"

महिन्याभरात सहकारी तिकडे आर्किटेक्ट म्हणून गेला. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे त्याच्यासाठी केक आला आणि निरोपाचं कार्ड टेबलाटेबलावरून फिरलं. माझ्याकडे आल्यावर मी ड्रॉइंगचं पेन काढलं आणि शुभेच्छा वगैरे काही न लिहिता माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत लिहिलं.