पहिल्याच 'हट'ला

सिटीवेस्टच्या आमच्या कॅन्टीनला दूध पोचवणारा तो माणूस एरवी क्रेट ठेवायचा, आयरिश ढंगात "हाऊया", म्हणजे 'कसा आहेस', म्हणायचा आणि निघायचा. रविवारी मात्र तो अमेरिकन फुटबॉल खेळायचा. संघात माणसं कमी पडली, तेव्हा भांडी घासणाऱ्या मला त्यानं दंडाला धरून नेलं. नववीत शाळा सोडल्यापासून मला आपणहून कुणी कुठे बोलावलं नव्हतं.

चेंडू सुटण्याआधी तो आमच्या पाठीमागून ओरडायचा, "ब्लू! ट्वेंटी! हट! हट!" रंग नि आकडे बहुतेक समोरच्यांना चकवायला; चेंडू सुटायचा तो आधी ठरवलेल्या 'हट'ला, कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या. तोवर आम्ही पुतळ्यासारखं थांबायचं. माझं काम समोरच्या गड्याला अडवायचं; पण मी पहिल्याच आवाजाला उसळायचो. कुणी ओरडलं की धावायचं, एवढंच अंगात मुरलेलं. शिक्षा सगळ्या संघाला, पाच यार्ड मागे.

एका सामन्यात मी दोनदा उसळलो. "काढा त्याला बाहेर!" कोच कडेवरून गरजला.

कोचकडे दुर्लक्ष करत, माझ्याकडेही न बघता दूधवाला आमच्या घोळक्यात म्हणाला, "आता सगळं पहिल्याच हटला."

"वेडा आहेस का? समोरच्यांना लगेच कळेल," एकजण म्हणाला.

"कळू दे."

कळलंच. समोरचे दोघं थेट त्याच्या अंगावर गेले. सॉरी सॉरी म्हणत मी त्याला उठवलं.

तोंडातला चिखल थुंकत तो म्हणाला, "ग्रँड आहे मी, काही झालं नाही. तू तुझा माणूस अडव ना!"

पुढच्या हटला मी समोरच्या धिप्पाड गड्याला असा भिडलो, की दोघंही आडवे झालो. आमच्या अंगावरून उडी मारून दूधवाला चेंडू घेऊन पुढे पळाला.