कार्डावर न लिहिलेली ओळ

आमचे प्रसेनजीतसर भित्रे आहेत, हे आधीच सांगून टाकते. सोळा वर्षं त्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, मला काय लाज? नवजात बाळांचे डॉक्टर. किलोभराच्याही नसलेल्या बाळाच्या शिरेत सुई घालताना हात हलत नाही, पण पाल दिसली की "स्नेहलसिस्टर!" म्हणून ओरडतात.

अशा माणसाला ग्राहक आयोगाने तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलावलं. दुसऱ्या एका दवाखान्यात सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ आंधळं झालं म्हणून त्याच्या आईने तक्रार केली होती. इतक्या लवकर आलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासावे लागतात; आतला पडदा बिघडू लागला तर तो तेव्हाच लेसरने वाचवता येतो. त्या आईला कुणी हे सांगितलंच नव्हतं. घरी सोडतानाच्या कार्डावर तशी ओळच नव्हती. त्या बाळाची फाईल वाचून, ही चूक आहे, असं सरांनी लिहून दिलं.

मग फोन सुरू झाले. "आपलाच माणूस हाय त्यो डाक्टर. जरा सांभाळून घ्या की." कुणी म्हणे, तुमच्याकडे पेशंट पाठवणं बंद करू. सर फोन ठेवून तळहात पुसायचे. पण खरी धास्ती होती त्या दवाखान्याच्या वकिलाची. तो प्रत्येक डॉक्टरला विचारतो म्हणे, "तुमच्याकडं असं कधी झालं न्हाय?"

"आपल्याला 'नाही झालं' म्हणता आलं पाहिजे, सिस्टर," म्हणत सरांनी शुक्रवारी आमचीच जुनी कार्डं काढायला लावली. साक्ष मंगळवारी होती. सगळ्या कार्डांवर डोळे तपासायची तारीख होती. एकावर नव्हती. राधानगरीकडच्या वाडीतलं बाळ, बेचाळीस दिवसांचं, घरी जाऊन बारा दिवस झालेले. अक्षर माझं, सही सरांची.

त्या लोकांचा फोन बंद होता. सरांनी गाडी काढली. "उशीर झालेला नसू दे," एवढंच वाटभर पुटपुटत होते. मला बाळाची भीती वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, नोकरीचीही.

बाळाचे आजोबा, केरबा, दारातच होते. "या की डाक्टरसाब! सोताच आलासा? काय झालंय का?"

सरांच्या आधी मीच म्हणाले, "बाळाचे डोळे तपासायचे राहिलेत. आत्ता कोल्हापूरला चला."

"डोळ्याला काय धाड भरलीया? ब्येस हाईत की."

बाळ आतल्या अंधाऱ्या खोलीत होतं, कुंचीत गुंडाळलेलं, नजर लागू नये म्हणून कुणाला न दाखवलेलं. त्याला दिसेनासं झालं असतं, तरी त्या खोलीत वर्षभर कुणाला कळलं नसतं.

कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. सर भिंतीला टेकून उभे, ओठ पांढरे पडलेले. "सुरू झालंय," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच लेसर करतो. वाचतील डोळे. आणखी आठवडा गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो." सर बाकावर बसून रडले. मग केरबांसमोर जाऊन चूक आमची होती म्हणाले.

मंगळवारी वकिलाने विचारलंच. ही गोष्ट अजून बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही म्हणा, असं मी मागच्या बाकावर मनात घोकत होते. सरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"झालंय," ते म्हणाले. "परवाच्या शुक्रवारी सापडलं. कार्डावर सही माझी आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

वकील खूश झाला. "मग दुसऱ्याची चूक कुठल्या तोंडानं काढता?"

"ही फाईल वाचली म्हणून माझी चूक सापडली. आमच्याकडच्या बाळाचे डोळे वाचले."

बाहेर जिन्यात आंधळ्या बाळाची आई, संघप्रिया, वाट अडवून उभी होती. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, आवाज येईल तिकडे मान वळवणारा. सर थबकले. मला वाटलं, आता ही शिव्या देणार, आणि द्याव्यातच.

"आमची फाईल वाचून तुमी त्येला हुडकलंसा?" तिने विचारलं.

"हो," सर म्हणाले.

"त्येला दिसतंय?"

"दिसेल."

ती मुलाच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"मला त्या बाळाला बघायचं हाय," ती म्हणाली. "कवा नेतासा?"